‘बरे’ म्हणजे पाचातले किती?

माणसाला पाचातले किती द्यायचे हे ठरवण्याचा मला पगार मिळत असे. ऐकायला हे काम देवाच्या दरबारातलं वाटतं, पण प्रत्यक्षात ते एका जुन्या स्कूटीवरून, डोक्याला ओढणी गुंडाळून, बुऱ्हाणपूरच्या उन्हात करायचं असे.

आधी मी साधी शिक्षिका होते. बेरीज-वजाबाकी शिकवत होते, पोरांची नाकं पुसत होते, सुखात होते. मग कुणीतरी वर सांगितलं की या बाईंचं अक्षर चांगलं आहे, आणि मला जनशिक्षक केलं. हे नाव ऐकून महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना वाटायचं की मी आता जनतेला शिकवायला निघाले. तसं काही नव्हतं. आमच्या मध्य प्रदेशात जवळपासच्या काही शाळांचा एक गठ्ठा बांधतात आणि त्यावर एक शिक्षक नेमतात, तो जनशिक्षक. त्याने स्वतः शिकवायचं सोडायचं आणि बाकीचे शिकवतात की नाही ते बघत फिरायचं. तापीचा पूल ओलांडायचा, जैनाबाद आणि पुढची गावं करायची, वर्गात शिरून मागची खुर्ची घ्यायची आणि समोरच्या माणसाला तोलायचं. मी शिरले की ज्यांचा आवाज एरवी दुसऱ्या रांगेपर्यंत जात नसे ते मास्तरही असे गर्जू लागत की शेजारच्या केळीच्या बागेतली माणसं काम थांबवून बघत.

तोलायचं माप सरकारी होतं. पाच खाने: अति उत्तम, उत्तम, संतोषजनक, सुधार अपेक्षित, असंतोषजनक. यातल्या एकावर खूण करायची, की माणूस संपला. शिक्षक यातच बसायचे, पोरं यातच, माध्यान्ह भोजनाची खिचडी यातच आणि खिचडी करणारी बाईही. एकदा मी एका शाळेच्या हातपंपाला ‘सुधार अपेक्षित’ दिलं, कारण त्याला दांडाच नव्हता. पुढच्या वर्षी वरून विचारणा आली की संबंधितास कोणते प्रशिक्षण देण्यात आले.

या धंद्यातली खुबी बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगते. मुरलेला माणूस नेहमी ‘उत्तम’वर खूण करतो. त्याच्या वरचं दिलं तर पुरावा मागतात, खालचं दिलं तर चौकशी लागते. ‘उत्तम’ दिलं की घरी जाता येतं. जिल्ह्यातले बहुतेक शिक्षक, बहुतेक मुलं आणि बहुतेक खिचडी यामुळेच उत्तम होती.

सगळेच काही मुरलेले नसत. मुलांच्या प्रगतिपत्रकात गुणांबरोबर स्वभावही भरावा लागे: स्वच्छता, सहयोग, नेतृत्व, सत्यवादिता, आणि प्रत्येकासमोर ए ते ई यांतलं एक अक्षर. जैनाबादच्या एका सरांनी वर्गातल्या एकाच मुलाला सत्यवादितेत ए दिला होता. बाकी सगळ्यांना बी. मी कारण विचारलं, तर सर म्हणाले की मोठे साहेब तपासणीला आले होते, त्यांनी या पोराला विचारलं, तुझे सर दुपारी काय करतात, आणि त्याने सांगितलं, झोपतात. आता याच्यापुढे पुरावा काय पाहिजे. मला सरांचं फार कौतुक वाटलं. मग मी पत्रक खालपर्यंत वाचलं. त्याच मुलाला ‘सहयोग’मध्ये डी मिळाला होता.

आणखी एक प्रकार सांगून मग मुद्द्यावर येते. लहान मुलांना वाचता येत नाही, तर त्यांनी शिक्षकांना रेटिंग कसं द्यायचं, असा प्रश्न कुणाला तरी पडला. त्यावर पाच चेहरे छापून आले. पहिला खदखदून हसणारा, शेवटचा रडणारा. बाई आवडतात तर हसऱ्यावर चिंचोका ठेवा, नाही आवडत तर रडक्यावर. शहरातल्या एका शाळेत दुसरीच्या बाई होत्या, तरुण, गोड गळ्याच्या, पोरं त्यांना सोडायची नाहीत. त्या वर्गाने जवळजवळ सगळे चिंचोके रडक्या चेहऱ्यावर ठेवले. चौकशीला मला पाठवलं. बाई डोळे पुसत बसलेल्या. मी एका मुलीला जवळ घेऊन विचारलं, का गं तिथे ठेवलास? ती म्हणाली, “तो रडून राह्यला होता ना. त्याले कोणी घेतच नव्हतं.”

मी हे जसंच्या तसं कळवलं. वर विचारविनिमय झाला आणि पुढच्या वर्षी रडक्या चेहऱ्याचे अश्रू काढून टाकण्यात आले. मग मुलांना पाचही चेहरे सारखेच दिसू लागले आणि चिंचोके सगळीकडे समान पडले. तो निकाल फार समाधानकारक मानला गेला.

इथवर हसण्यासारखं होतं आणि मी हसत होते. महाजन गुरुजींच्या वेळी मात्र माझं हसू गेलं.

जैनाबादच्या पलीकडे एक गाव आहे, नाव सांगत नाही. केळी आणि कापूस करणारी घरं. तिथे मराठी माध्यमाची सरकारी प्राथमिक शाळा आहे आणि तिला एकच मास्तर, वासुदेव महाजन. मध्य प्रदेशात मराठी शाळा, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण आमच्याकडे लोक घरात मराठी बोलतात, बाजारात हिंदी बोलतात आणि भांडण लागलं की दोन्ही. गुरुजी मात्र मराठीच. त्यांची हिंदी ऐकली की मला त्यांची दया यायची.

दिसायला गुरुजींमध्ये काही नव्हतं. गाणी म्हणवून नाचवणं नाही, रंगीत तक्ते नाहीत, टाळ्या नाहीत. त्यांची एकच रीत होती. गावात येणारा छापील कागद ते वर्गात आणायचे. खताच्या गोणीवरचा मजकूर, औषधाच्या डब्यावरची सूचना, लग्नाची पत्रिका, विजेचं बिल. ते पोराच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, घरी जाऊन आजोबांना वाचून दाखव, आणि आजोबा काय म्हणाले ते उद्या मला सांग. पोरं अडखळत वाचायची, आजोबा मध्येच प्रश्न विचारायचे, पोरं पुन्हा वाचायची. तिसरीपर्यंत त्या शाळेतलं प्रत्येक पोर वाचत असे. हे मी माझ्या गठ्ठ्यातल्या दुसऱ्या कुठल्याही शाळेबद्दल म्हणू शकत नाही.

मी एकदा त्यांना ‘अति उत्तम’ दिलं होतं. लगेच पुरावा मागितला: नवोपक्रमाचे फोटो जोडा. गुरुजींना फोटो विचारले तर म्हणाले, “ताई, गोणीचा फोटो काय काढायचा? ती रिकामी झाली की तिची पिशवी शिवतात.” मग मी निमूटपणे त्यांना ‘उत्तम’ केलं.

मग एका वर्षी हुकूम आला की आता शिक्षकांचं मूल्यांकन पालक करतील. त्यातही कुणीतरी फार हुशारी केली होती. म्हणे गावातल्या पालकांना पाच खाने समजत नाहीत, तर त्यांना ते दाखवूच नका. त्यांना फक्त विचारा की शिक्षक कसे आहेत, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. मग कार्यालयातला ऑपरेटर तो शब्द बघून त्याला पाचातला आकडा देईल आणि पोर्टलवर चढवेल. आकड्यांवरून शिक्षकाला रंग मिळेल: हिरवा, पिवळा किंवा लाल. बदल्यांच्या वेळी हिरव्याने आधी गाव निवडायचं, उरलेल्यातलं पिवळ्याने घ्यायचं आणि लालने सांगतील तिथे जायचं.

मी संध्याकाळी, माणसं शेतातून घरी आल्यावर, दारोदार फिरले. पालक समितीचे अध्यक्ष सुपडूभाऊ पाटील, त्यांची केळी दरवर्षी दिल्लीला जाते. ओट्यावर बसले होते. मी विचारलं, मास्तर कसे आहेत? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “बरे हाय.” मी लिहिलं. पुढच्या घरी विचारलं, बरे हाय. त्याच्या पुढे, बरे हाय. आमच्याकडे कुणी याच्यापुढे जात नाही. केळीला कधी नव्हे तो भाव मिळाला तरी माणूस म्हणतो, भाव बरा हाय. सून पसंत पडली की सासू म्हणते, पोरगी बरी हाय, आणि एवढ्यावर लग्न लागतं. तोंड भरून स्तुती केली तर नजर लागते, किंवा समोरचा चढून बसतो, किंवा दोन्ही. 

फक्त सुमन नावाची एक बाई एक पाऊल पुढे गेली. ती स्वतः गुरुजींच्या हाताखाली शिकलेली, आता तिची मुलगी शिकत होती. चुलीवरून उठून, पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, “लय बरे हाय.” बोलून झाल्यावर जरा लाजली, जास्त बोलले की काय असं वाटून. मी तेही लिहिलं. परत येताना पुलावर वाऱ्यात मला इतकं हलकं वाटत होतं की काही विचारू नका. सगळ्या गावाने एका माणसाला एकमताने बरं म्हणावं, असं मी दुसरीकडे पाहिलेलं नव्हतं.

यादी लागली तेव्हा महाजन गुरुजी लाल होते. नुसते लाल नाही, संपूर्ण विकासखंडात, म्हणजे तालुक्यात, सगळ्यात खाली.

मी तशीच कार्यालयात गेले. ऑपरेटर दीपक, तिकडच्या सागर जिल्ह्यातला, हिंदी घरातला मुलगा, वर्षभरापूर्वी आलेला. कामाला चोख, वागायला अदबशीर, कुणाला ‘आप’शिवाय बोलणार नाही. मी त्याला यादी दाखवली. त्याने शांतपणे माझेच कागद काढले आणि म्हणाला, “मैडम, आप जल्दी में थीं शायद। हर जगह मात्रा छूट गई थी। मैंने सब में लगा दी।”

मला आधी काही कळेना. मग त्याने बोट ठेवलं. मी जिथे जिथे ‘बरे’ लिहिलं होतं, तिथे तिथे त्याने बारीक पेनने, सुबक अक्षरात, ब ला उकार देऊन ठेवला होता. बुरे. बुरे. बुरे. हिंदीत ‘बरे’ असा शब्दच नाही, मग बिचारा काय करणार. त्याला वाटलं मॅडमचं शुद्धलेखन कच्चं आहे आणि त्याने चारचौघांत न बोलता ते सांभाळून घेतलं. आणि सुमनच्या ‘लय बरे’चं काय केलं? वर्षभर बुऱ्हाणपुरात राहून बाजारात ‘लय’ म्हणजे बहुत हे तो शिकला होता. त्याने तिथे ‘बहुत बुरे’ धरून सगळ्यात खालचा खाना दिला. सगळ्या कार्यालयात आमची भाषा शिकायचा प्रयत्न करणारा तो एकटा होता, आणि त्याला आलेला पहिला शब्द हा असा कामी आला.

मी त्याच्यावर ओरडले. नको होतं ओरडायला, पण ओरडले. मग अर्थ सांगितला. तो उभा राहिला, चेहरा उतरलेला, आणि म्हणाला की आत्ता बदलतो. बदलायला गेला तर पोर्टल बदलू देईना. एकदा चढवलेलं उतरवता येत नाही, अशी त्यात खास व्यवस्था केलेली होती, म्हणजे कुणी लबाडी करू नये.

आमच्या कार्यालयाच्या मोठ्या मॅडम ग्वाल्हेरच्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि दोन वाटा सांगितल्या. एक, शिक्षकाचं स्वयंमूल्यांकन अजून बाकी आहे, त्यात गुरुजींनी स्वतःला भरपूर द्यावं. दोन, ‘बरे’ या शब्दाचा अर्थ ठरवण्यासाठी त्या एक समिती बसवतील, समितीने दिलेला आकडा दुरुस्ती म्हणून घेता येईल.

मी स्कूटी काढली आणि गुरुजींकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत की चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की लाल म्हणजे कुठे जावं लागेल. मी म्हटलं, बहुधा धूलकोटच्या पुढे, जिल्ह्याच्या पार टोकाला. ते म्हणाले, “पोरं तिथंही असतील, त्याचं काही नाही. पण इथं येणारा मराठी वाचेल का, ताई?” उत्तर मला ठाऊक होतं. पोर्टलला शाळा दिसते, भाषा दिसत नाही. तिथे कुणीही येऊ शकत होता आणि आलेल्याने आपल्याला येतं तेच शिकवलं असतं. म्हणजे गुरुजींच्या रंगावर त्या गावातली मराठी शाळाच टांगलेली होती.

म्हणून मी त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि पहिल्या खान्यावर बोट ठेवून म्हटलं, गुरुजी, इथे खूण करा, मी बघत नाही. आणि खरोखरच तोंड फिरवून बसले. शेवटी वळून पाहिलं तर त्यांनी ‘संतोषजनक’वर खूण केली होती, मधल्या खान्यावर.

माझा संताप झाला. मी म्हटलं, अहो, हा मधला आहे, याला काही किंमत नाही. ते गोंधळले. म्हणाले, “संतोष म्हटलं की झालं ना, ताई. संतोषाच्या वर काय असतं?”

संतोषाच्या वर अजून दोन खाने असतात, हे सरकारला ठाऊक होतं, गुरुजींना नव्हतं. मी वाद घातला, आर्जव केलं. ते म्हणाले की स्वतःच्या तोंडाने स्वतःला अति उत्तम म्हणायचं आणि उद्या पोरांसमोर उभं राहायचं, ते जमणार नाही. मी कागद घेऊन परत आले. आजही मला त्यांचा राग येतो आणि त्याच वेळी अभिमानही वाटतो, आणि दोन्ही एकत्र वाटलं की जीव घाबरा होतो.

समिती बसली. मोठ्या मॅडम अध्यक्ष. कॉलेजातून निवृत्त झालेले मराठीचे एक प्राध्यापक, भाषातज्ज्ञ म्हणून. पालकांतर्फे सुपडूभाऊ, धुतलेलं धोतर आणि टोपी घालून. मी. आणि कोपऱ्यात संगणकासमोर दीपक, समितीने सांगितलेला आकडा टाकायला बोटं तयार ठेवून.

प्राध्यापकांनी सुरुवात केली. ‘बरा’ या शब्दाची व्युत्पत्ती, मग अर्थच्छटा, मग जुने दाखले. चहा आला, गेला, ते बोलतच होते. शेवटी मॅडमनी विचारलं, “सर, पाँच में से कितना?” ते चपापले. आयुष्यात त्यांना शब्दाचे गुण कुणी विचारले नव्हते. चष्मा पुसून म्हणाले, तीन म्हणायला हरकत नाही.

मी म्हटलं, चार. किमान चार. आमच्याकडे बरा म्हणजे चांगला. प्राध्यापक म्हणाले, मग चांगल्याला काय म्हणाल? मी म्हटलं, चांगला असं कुणी म्हणतच नाही. ते म्हणाले, कोशात तर आहे. मी म्हटलं, कोशातली माणसं केळी पिकवत नाहीत. माझा आवाज चढला होता, मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मग त्यांनी सुपडूभाऊंना विचारलं. भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्यांच्या हिंदीत समजावून सांगितलं की भाव बरा म्हणजे माल काढायचा, तब्येत बरी म्हणजे दवाखान्यात नाही जायचं, माणूस बरा म्हणजे त्याच्या भरवशावर घर उघडं ठेवून गावाला जायचं. दीपक मान वर करून म्हणाला, “तो सर, पाँच ही हुआ।” मला त्या मुलाला मिठी मारावीशी वाटली.

पण मॅडमनी फार रास्त प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “ठीक है। पर आप लोग इससे ऊपर क्या बोलते हैं?”

भाऊ बघत राहिले. मी बघत राहिले. प्राध्यापकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ‘उत्तम’ आम्ही देवाच्या प्रसादाला म्हणतो, ‘छान’ साडीला, ‘झकास’ टवाळ पोरं म्हणतात. माणसाच्या बाबतीत बऱ्याच्या वरची जागा आम्ही रिकामी सोडलेली आहे. भाऊ शेवटी म्हणाले, “वरचं नाही बोलत मॅडम. मनात ठेवतो.”

मनात ठेवलेल्याला आकडा नाही. मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तीनवर शिक्का मारला. समितीला तीन फार आवडतो, कुणाचंच मन दुखत नाही. ‘लय बरे’चाही तीनच, कारण पुन्हा बैठक घ्यायला कुणाला वेळ नव्हता. पालकांचे तीन, गुरुजींनी स्वतःला दिलेले तीन. गुरुजी लालचे पिवळे झाले आणि मॅडमनी माझं अभिनंदन केलं.

बदल्या सुरू झाल्या. शहरातल्या एका शाळेतले एक तरुण शिक्षक हिरवे होते. त्यांच्याबद्दल मनात काही नाही, मुलगा चांगला होता. त्यांच्या मोहल्ल्यातल्या हिंदी बोलणाऱ्या पालकांनी त्यांना ‘बहुत बढ़िया’ म्हटलं होतं. तिथे चहाही बहुत बढ़िया असतो आणि नगरपालिकेचा नळही, पण दीपकने कायद्याप्रमाणे पाच दिले. या हिरव्या मुलाने नकाशात शहराजवळची शाळा शोधली आणि गुरुजींचं गाव निवडलं. निवडल्यानंतर त्याने मला फोन करून विचारलं की मैडम, वहाँ मराठी पढ़ानी पड़ेगी क्या? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, पोर्टलवर लिहिलं नव्हतं. खरंच लिहिलं नव्हतं.

पिवळ्या गुरुजींना जे उरलं ते मिळालं. धूलकोटच्या पुढे.

गावाला हे कळलं तेव्हा लोक माझ्याकडेच आले, शाळेच्या व्हरांड्यात. कुणी भांडलं नाही. ते मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, की आम्ही वाईट तर बोललो नव्हतो. मी उकाराची गोष्ट सांगितली, समितीची सांगितली. सांगताना मला इतकी शरम वाटली की मी पायाखालच्या फरशीकडे बघून बोलत होते. सुमन सगळ्यांत मागे उभी होती. सगळे गेल्यावर ती पुढे आली आणि म्हणाली, “मी तर लय म्हटलं होतं, मॅडम. मीच तेले खाली पाडलं काय?” मी म्हटलं, नाही गं, तुझ्याकडून काही चुकलं नाही. तिला ते पटलं नाही, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गुरुजींचा शेवटचा दिवस आला. मी गेले होते. निरोप समारंभ वगैरे आमच्याकडच्या गावांत करायची पद्धत नाही. माणसं आली आणि अंगणात उभी राहिली. शाल नाही, भाषण नाही. सुपडूभाऊंनी केळीचा एक घड रिक्षात ठेवला आणि बाजूला झाले. पोरं ओट्यावर बसली होती, एकदम गप्प. गुरुजी पिशवी घेऊन बाहेर आले, सगळ्यांकडे पाहून मान हलवली आणि रिक्षाकडे निघाले. मला तर वाटलं आता हे असेच जातील, मनात ठेवलेलं मनातच राहील.

तेवढ्यात सुमन वाटेत आडवी आली. पदर नीट केला, हात जोडले आणि हिंदीत म्हणाली, “सर, आप बहुत अच्छे थे।”

जन्मभर ज्या माणसाशी ती मराठीत बोलली, ज्याने तिला मराठी लिहायला-वाचायला शिकवलं, त्याच्याशी ती हिंदीत बोलत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मराठीत बोललं की ते लोक उलटं लिहितात. आता चुकायला नको.”

गुरुजी थांबले. त्यांचा चेहरा हलला, पण आवाज वर्गातला होता. “थे नाही, सुमन,” ते म्हणाले. “थे म्हणजे होते. हैं म्हण.”

सुमन सरळ उभी राहिली, शाळेत उभी राहत असेल तशी. “सर, आप बहुत अच्छे हैं।”

आणि मग कुणी सांगितलं नाही, खूण केली नाही, पण ओट्यावरच्या पोरांनी ते वाक्य तिच्यामागून म्हटलं, वर्गात एकाने वाचलं की बाकीचे म्हणतात तसं. मग अंगणातल्या बायांनी म्हटलं. मग पुरुषांनी, अडखळत, लाजत, सुपडूभाऊंनी टोपी हातात घेऊन. साऱ्या गावाने मोठ्याने पाचातले पाच दिले. मला रडू आवरलं नाही. पोर्टल महिनाभरापूर्वीच बंद झालं होतं.